पाण्याचे मजले आणि शेवटचा डोह

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



सकाळपासून कापसाचा भाव, बोंडअळी आणि विजेचे बिल यांवर बोलणे झाले. जेवणानंतर डोळे जड होतात. नेमक्या त्या वेळी आम्हाला उभे केले आहे आणि विषय दिला आहे मासे. कार्यक्रमपत्रिका वाचून एका भावाने दारातच विचारले, "कोरडवाहू माणसाला मासे कशाला शिकवता? आधी पाणी तर येऊ द्या." प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर देण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आपल्या भागात बारमाही नदी थोड्यांच्या वाट्याला आली. पण पाझर तलाव किंवा गावतलाव बहुतेक गावांच्या शिवारात किंवा शेजारच्या शिवारात आहे. यातले कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आईबापांनी डोक्यावर टोपल्या वाहून बांधले. ते तलाव आपल्या घामाचे आहेत. पण त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? भरला की सांडवा वाहतो आणि आटला की ढोरे चरतात, एवढेच. मधले आठ महिने त्या पाण्याच्या पोटात काय चालते हे आपण कधी विचारत नाही. ते फक्त भोयाला ठाऊक असते, आणि भोयाला आपण बैठकीला बोलावत नाही.

मासा कोणत्या महिन्यात किती खोल असतो आणि काय खातो, हे आज सांगायचे आहे. ज्याला हे कळले त्याला तलाव कळला, आणि ज्याला तलाव कळला तो त्याचे शेवटचे पाणी मोटारीने ओढणार नाही. आमचे सांगणे एवढेच आहे.

आम्ही कसे शिकलो

आम्ही शेतीची पदवी घेतली. जमिनीचे थर, मुळांची खोली, ओल किती हातांवर आहे, हे सगळे परीक्षेत लिहिले. पण पहिल्यांदा गळ घेऊन तलावावर बसलो तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत काडी हलली नाही. शेजारी एक म्हातारे भोई जाळे विणत बसले होते. त्यांना आम्ही बाबाजी म्हणत असू. ते बराच वेळ आमच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "सायेब, पाण्याले बी मजले असतात. तुमी भाकर ठेवली वरच्या मजल्यावर, अन् पाव्हणा निजला हाये खालच्या मजल्यावर. तो कसा जेवणार?"

त्यांनी आमची दोरी दोन हात वाढवून दिली. गळाची कणीक काढून गांडूळ लावले. अर्ध्या तासात मासा लागला. पदवीने जे शिकवले नव्हते ते दोन हात दोरीने शिकवले. पुढची कित्येक वर्षे आम्ही बाबाजींच्या पायाशी बसून तलाव शिकलो. आज जे सांगतो आहोत त्यातले निम्मे त्यांचे आहे. उरलेले निम्मे पुस्तकातले असून ते त्यांच्या सांगण्याशी ताडून पाहिलेले आहे.

तोंड पाहा, मजला कळेल

आपण ज्वारीत तूर का पेरतो? ज्वारीची मुळे वरच्या थरात पसरतात, तुरीचे सोटमूळ खाली जाते. दोघी एकाच वावरात राहतात, पण एकाच ताटात जेवत नाहीत. तलावातही हीच मिश्र शेती असते.

संस्था तलावात जे बीज सोडतात ते मुख्यतः तीन जातींचे असते: कटला, रोहू आणि मृगळ. बाजारात हे तीन मासे शेजारी ठेवून त्यांची तोंडे पाहा. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर उघडणारे. तो वरच्या थरात तरंगणारे बारीक जीव गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे, तोंड किंचित खाली वळलेले. तो मधल्या थरात फिरतो, शेवाळ आणि कुजलेला पाला खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला. तो तळाचा गाळ चिवडतो. मत्स्यखात्याची माणसे बीज सोडताना दहातले चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असे प्रमाण सांगतात, त्याचे कारण हेच. प्रत्येक मजल्यावर भाडेकरू असला पाहिजे आणि एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालता कामा नये.

हे तीन मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. उभ्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा विणत नाहीत. म्हणून दरवर्षी बीज विकत आणावे लागते. पूर्वी ते नदीतून गोळा करत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्याच्याकडून अंडी घालून घेतली, आणि तेव्हापासून बीज केंद्रांत बीज तयार होऊ लागले. संकरित कापसाचे बी जसे आपण घरी ठेवू शकत नाही, तसेच हे आहे. भोयाच्या खिशातून दरवर्षी बियाण्याचा पैसा जातो. हे ध्यानात ठेवा, पुढे याचा हिशेब करायचा आहे.

याखेरीज गावठी मासे असतात. मरळ, शिंगटा, वाम, बारीक खवल्याचे मासे, झिंगे. हे तलावातच विणतात. चिलापी हा परदेशी मासा १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला. तो काठावर घरटे करतो, भराभर वाढतो आणि बाकीच्यांचा चारा खातो. चिलापी गळाला लागली तर मनात किंतू न आणता घरी न्या. थाई मागूर म्हणून जो मोठा मागूर येतो तो पाळण्यास बंदी आहे. तो तलावातले बाकीचे मासे खाऊन टाकतो. कुणी स्वस्तात बीज देतो म्हणाला तरी घेऊ नका.

पाण्याचा श्वास

मासा पाण्यात विरघळलेली हवा घेतो. ही हवा दोन वाटांनी येते. वाऱ्याने पाणी हलते तेव्हा थोडी मिसळते, आणि पाण्यातले हिरवे शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू घेते. म्हणून तलावात सर्वांत कमी हवा असते ती पहाटे, सूर्य उगवण्याच्या आधी. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून 'पच पच' करताना दिसले तर लोक म्हणतात, मासे खेळतात. ते खेळत नसतात, गुदमरत असतात.

दुसरी गोष्ट. पाणी जितके गरम, तितकी त्यात हवा कमी मावते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. उलट उन्हाळ्यात माशाला श्वास जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. हे गणित आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, आपल्या संसाराचे गणित हेच आहे.

हे दोन नियम लक्षात ठेवले की चारही ऋतूंतली खोली पाठ करावी लागत नाही, आपोआप कळते. आम्ही खोली हातात सांगतो. एक हात म्हणजे दीड फूट. सांडव्यापर्यंत भरला की मधला डोह दहा-बारा हात असतो, असा तलाव डोळ्यांसमोर ठेवा.

पावसाळा: काठ आणि गांडूळ

मृगाचे पाणी नाल्यातून येते. ते गार असते, हवेने भरलेले असते आणि शेतातले किडे, गांडुळे वाहून आणते. सगळे मासे त्या तोंडाशी धावतात. म्हणून जून-जुलैत खोल डोहात दोरी सोडण्यात अर्थ नाही. नाला तलावाला मिळतो तिथे, काठाजवळ, एक ते तीन हात पाण्यात गळ ठेवा. पाणी गढूळ असते, माशाला दिसत नाही, वासावर खातो. म्हणून आमिष वासाचे आणि हलणारे हवे: गांडूळ, नाकतोडा, पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणारे पंखवाले किडे. कणीक गढूळ पाण्यात वाया जाते.

पण याच महिन्यांत आम्ही गळ कमी टाका असे सांगतो. गावठी मासे याच वेळी पोटुशी असतात. पोट फुगलेली मादी लागली तर ओल्या हाताने गळ काढून सोडून द्या. आणखी एक खूण सांगतो. पाण्यावर लालसर, केशरी बारीक पिलांचा थवा एकत्र फिरताना दिसला तर ती मरळीची पिले असतात, आणि खाली आईबाप राखण करत असतात. त्या थव्यात बेडूक लावलेला गळ टाकला की मरळ हमखास धावून येते. ती भुकेने येत नाही, पिलांवर चालून आलेल्याला हाकलायला येते. तिला मारले की दोन-तीन दिवसांत पिलांचा फडशा पडतो. एका मरळीसाठी शेकडो मरळी घालवू नका.

आणि वीज कडाडत असेल तर बांबूची काठी घेऊन उघड्या बांधावर किंवा एकट्या झाडाखाली उभे राहू नका. मासा उद्याही मिळेल.

ऑक्टोबर: सुगी

पाऊस थांबला की पाणी निवळते. तलाव भरलेला, पाणी कोमट, चारा भरपूर. माशाची सुगी ती हीच, भाद्रपद ते कार्तिक. या दिवसांत मासा मधल्या थरात, तीन ते पाच हातांवर असतो, आणि बुडालेल्या गवताच्या कडेने फिरतो. पाणी स्वच्छ असल्याने त्याला दिसते, म्हणून तंगूस बारीक घ्या आणि तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका. तंगूस म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा.

रोहूसाठी ज्वारीचे पीठ आणि सरकीची ढेप सारख्या प्रमाणात घेऊन घट्ट मळा आणि रात्रभर आंबू द्या. बोराएवढी गोळी करून लहान गळाला लावा. ढेपेच्या वासाने मासा येतो, पिठाने गोळी टिकते. आदल्या संध्याकाळी त्याच जागी मूठभर ढेप टाकून ठेवली तर सकाळी मासा जेवायला जमलेला असतो. मृगळासाठी हीच गोळी तळाला टेकवा. कटला गळाला कमी लागतो, कारण तो चावून खात नाही, गाळून खातो. त्याला गोळी अशी करावी की पाण्यात सुटून धुरासारखी पसरेल, आणि दोरी हातभरच खाली सोडावी.

खोली ठरवायला पाण्यावर तरंगणारी खूण लागते. विकतची नको. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा बोटभर तुकडा सोलून दोऱ्याला बांधा. गळ जितका खोल हवा तितक्या अंतरावर बांधायचा. धांडा सरळ उभा राहिला तर गळ पाण्यात लटकला आहे, आडवा पडला तर गळ तळाला टेकला आहे. दोन रुपयांचे शिसे आणि फुकटचा धांडा, एवढ्यात काम होते.

हिवाळा: दुपार आणि बारीक आमिष

मार्गशीर्ष-पौषात पहाटे काठाचे पाणी लवकर गार होते. खोल पाणी सावकाश गार होते. म्हणून सकाळी मासा डोहात, सहा ते आठ हातांवर, जुन्या नाल्याच्या पात्रात बसून असतो. गारठ्याने त्याची भूक मंदावते. या दिवसांत पहाटे उठून तलावावर जाणारा माणूस फक्त थंडी खाऊन येतो.

दुपारी अकरा-बारानंतर उन्हाने दक्षिणेकडे तोंड असलेला काठ तापतो. मग मासा हळूहळू वर येतो. बारा ते चारच्या मध्ये, तीन-चार हातांवर, उन्हाच्या काठाला बसा. आमिष लहान, मऊ आणि एकच. मोठा गोळा तो नुसता हुंगून सोडतो. शिजवलेले ज्वारीचे दाणे, हुरड्याचे दोन दाणे, किंवा फवारा न मारलेल्या तुरीवरची घाटेअळी लावा. ओढही हलकी असते. धांडा बुडत नाही, नुसता थरथरतो. तेव्हाच झटका द्यावा लागतो.

उन्हाळा: पहाट, सांज आणि मधला थर

फाल्गुनापासून पाणी आटते आणि तापते. सगळ्यांना वाटते, उन्हाळ्यात मासा तळाला असेल, कारण तळ गार. आम्हालाही तसेच वाटत होते. पण डोह खोल असेल आणि वारा पडला असेल तर वरचे गरम पाणी आणि खालचे गार पाणी मिसळत नाही. खाली कुजका गाळ प्राणवायू खाऊन टाकतो. तळ गार असतो, पण तिथे श्वास नसतो. वर श्वास असतो, पण तिथे आग असते. म्हणून भर दुपारी मासा मध्ये लटकून राहतो, दोन्हीकडून कोंडलेला, आणि काही खात नाही. दुपारी बसू नका.

उन्हाळ्यात सकाळी सूर्य थोडा वर आल्यानंतरचे दोन तास आणि सायंकाळी दिवे लागेपर्यंत, काठाला, एक-दोन हातांवर मासा येतो. मरळीची गोष्ट वेगळी. ती वरची हवाही घेऊ शकते, म्हणून गढूळ, उथळ पाण्यातही तग धरते. दर थोड्या वेळाने ती वर येऊन 'गुळुक' करून जाते. त्या जागेच्या आसपास, गवताच्या फटीत, जाड गळाला लहान मासा किंवा बेडूक लावून ठेवा. चिलापीला गांडुळाचा तुकडा पुरतो.

वितीपेक्षा लहान रोहू-कटला लागला तर परत सोडा. आणि सर्वांत पहिली गोष्ट शेवटी सांगतो. बहुतेक तलावांची मासेमारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते. त्या माशांचे बीज त्यांनी विकत आणलेले असते. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. आपल्या तुरीच्या शेंगा कुणी न विचारता तोडल्या तर आपण काय म्हणतो? विचारले तर घरच्यापुरत्या गळाला सहसा कुणी नाही म्हणत नाही, असा आमचा अनुभव आहे.

विषाचा हिशेब

आता थोडे कडू बोलायचे आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळले की ही औषधे नसून विषे आहेत. पण पंप धुवायला आपण आजही तलावाच्या काठावरच जातो.

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. तो उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतो, माशांवरच्या नाही. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधे माणसाला त्या मानाने कमी, पण माशाला फार थोड्या मात्रेत मारक असतात. पंपाच्या धुवणात काठाचे बारीक मासे आणि झिंगे मरतात. मरतात ते आपल्याला दिसत नाहीत, कारण बगळे खाऊन जातात. पंप वावरातच धुवा आणि ते पाणी पडीक बांधावर ओता.

काही जण उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यात औषध टाकून मासे काढतात. विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणे हा १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. तो मासा आपल्याच लेकरांच्या ताटात येतो आणि तेच पाणी आपलीच ढोरे पितात. खोली आणि आमिष ठाऊक नसलेला माणूसच विषाकडे वळतो. ज्याला गळ टाकता येतो त्याला विषाची गरज नाही.

आमची चूक

आता आमची स्वतःची चूक सांगतो. नोकरीत असताना एका प्रशिक्षणात आम्हीच म्हणालो होतो, "तलावात पाणी ठेवून काय लोणचे घालायचे आहे? थेंब न थेंब पिकाला द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी त्या गावच्या पाझर तलावावर हरभऱ्या-गव्हासाठी पाच मोटारी बसल्या. फेब्रुवारीअखेर पाणी डोहापुरते उरले. पिकाला एक पाणी जास्त मिळाले, हे खरे. एप्रिलमध्ये डोह गुडघाभर झाला. सगळा मासा त्या गुडघाभर पाण्यात कोंडला. मे महिन्यात एक दिवस आभाळ भरून आले, वारा पडला, ऊन पडलेच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळा तलाव पांढरा झाला होता. पोटे वर करून मासे तरंगत होते.

आम्ही पोचलो तेव्हा बाबाजी काठावर बसले होते. त्यांनी आम्हाला एक शब्द सुनावला नाही. एवढेच विचारले, "सायेब, पुढच्या सालचं बी कुठून आणू?"

भावांनो, हा प्रश्न आपण किती वेळा सावकाराच्या ओट्यावर उभे राहून विचारला आहे! तोच प्रश्न आम्ही दुसऱ्यावर आणला होता. आणि नुकसान फक्त भोयाचे झाले नाही. त्याच उन्हाळ्यात तलावाखालच्या विहिरी नेहमीपेक्षा लवकर आटल्या. पाझर तलाव पाणी उचलण्यासाठी नसतो, झिरपण्यासाठी असतो. ते पाणी जमिनीत मुरून विहिरीला येते. पाच मोटारीवाल्यांनी पंचवीस विहिरीवाल्यांचे पाणी वर-वर उपसले, आणि त्या पाचांच्या विहिरी त्याच पंचविसांत होत्या. माशांनी मरून आधी सांगितले, विहिरींनी नंतर सांगितले. तलावाची नाडी पाहायची असेल तर मासा पाहावा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

शेवटचा डोह किती ठेवायचा

मग किती पाणी राखायचे? अंदाजाने नको, हिशेबाने बोलू. मृगाचे पाणी येईपर्यंत डोहात निदान तीन हात पाणी उरले पाहिजे. त्याखाली मासा तगत नाही. पाडव्यापासून मृगापर्यंत जास्तीत जास्त सुमारे ऐंशी दिवस. आपल्याकडच्या उन्हात रोज जवळपास एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन उडते. म्हणजे ऐंशी सेंटिमीटर, पावणेदोन-दोन हात. झिरपण्यासाठी आणखी दोन हात धरा. जमीन जास्त झिरपणारी असेल तर अधिक. तीन, दोन आणि दोन, सात हात. गुढीपाडव्याला डोहात सात हात पाणी असेल तर तलाव उन्हाळा काढतो. सात हातांच्या खाली पाणी गेले की मोटारी बंद, असा गावाचा नियम असावा.

हरभऱ्याचे शेवटचे पाणी सोडायचे म्हणजे त्याग आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याच्या शेतात ते पाणी जाते तो एक असतो, आणि ज्यांच्या विहिरी, ढोरे आणि ताट त्या डोहावर असते ते सगळे गाव असते. ज्येष्ठात घरात डाळ संपते आणि भाजी महाग होते. त्या दिवसांत आठवड्याला एक मासा मिळणे ही गरिबाच्या लेकराच्या अंगाची गोष्ट आहे.

पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामे करून या.

पहिले काम. वैशाखात तलावाचे पोट उघडे पडते. तेव्हा भोयाला बरोबर घेऊन आत फिरा. डोह कुठे, जुना नाला कुठे, मुरमाचे खड्डे कुठे, ते वहीत काढून ठेवा. त्या वहीने पोरे बुडण्यापासून वाचतील आणि गळही योग्य जागी पडेल. डोहात हातांच्या खुणा केलेला दगडी खांब रोवा, म्हणजे पाणी किती उरले यावर भांडण होणार नाही.

दुसरे काम. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून अनेक तलावांतला गाळ निघाला. तुमच्या तलावातला निघणार असेल तर आधी भोयाला विचारा. डोह खोल करून घ्या, पण नाल्याच्या तोंडचे गवत आणि उथळ काठ खरवडू नका. गावठी मासा तिथेच विणतो.

तिसरे काम. पाडव्याच्या आधी ग्रामसभेत मोटारवाले, विहिरीवाले आणि संस्थेचे भोई यांना एकत्र बसवा आणि सात हातांचा नियम लिहून घ्या. आम्ही सुचवलेला आकडा तुमच्या तलावाला लागू नसेल तर तुमचा आकडा काढा. पण आकडा काढा.

बाबाजी आता नाहीत. त्यांचा नातू त्याच संस्थेत आहे आणि आज तो या मांडवात मागच्या रांगेत बसला आहे. बैठक संपली की त्याच्याशी बोला. आमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे, आणि तुमच्या तलावाचे पाणी आज किती हात आहे हे तो तुम्हाला विचारणार आहे. उत्तर देता आले पाहिजे.

इतके बोलून आम्ही थांबतो.